लॅमिएलीझ (तुलसी गण)

लॅमिएलीझ : (तुलसी गण). फुलझाडांपैकी द्विदलिकित वनस्पतींचा एक मोठा गण. तुळस, पुदिना, साग, निर्गुडी, तीळ, अडुळसा, कारवी, मोगरा, पारिजातक, इसबगोल, टेटू, घाणेरी, तिवर व सीतेची आसवे ह्या दिसण्यात एकमेकींशी फारसा मेळ नसलेल्या वनस्पती सांप्रत ह्या एकाच गणात अंतर्भूत आहेत. ए.पी.जी. ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाप्रमाणे ह्यात २४ कुले येतात; त्यानंतर काहींनी आणखी एकदोन लहान कुले वेगळी मानली आहेत. एकूण प्रजाती एक हजाराहून अधिक व जाती सु. २४,००० असाव्यात. पृथ्वीवरील फुलझाडांच्या साधारणपणे दर बारा-तेरा जातींमागे एक ह्या गणातील आहे, असा ह्याचा अर्थ होतो. प्रसार जवळजवळ सर्व जगभर असून उष्ण कटिबंधात जाती विशेष विपुल आहेत. गणाचे शास्त्रीय नाव लॅमियम ह्या यूरोप-आशियातील प्रजातीवरून आलेले आहे. तुळशीची प्रजाती ऑसिमम ही त्याच कुलातील.

सामान्य लक्षणे : बहुतेक जाती ओषधी किंवा क्षुपे असून वृक्ष व वेली त्या मानाने कमी आहेत. पाने बहुधा साधी, संमुख व उपपर्णहीन असतात. फुले द्विलिंगी, पंचभागी व पुष्कळदा एकसमात्र (एकाच पातळीत दोन सारखे भाग होणारी) असतात. प्रदले खाली जुळून नळी बनते व वर ती दोन ओठांप्रमाणे फाकते. वरचा ओठ दोन प्रदलांचा व खालचा तीन प्रदलांचा असतो. केसरदले पाकळ्यांना चिकटलेली, चार (दोन लांब व दोन आखूड) किंवा केवळ दोनच असतात. पाचव्याचा लोप झालेला असतो किंवा त्याचा वांझ अवशेष राहतो. किंजदले दोन, जुळलेली. किंजपुट ऊर्ध्वस्थ असतो. फळ बोंड, अश्मगर्भी (आठळीयुक्त) किंवा चार कपालिकांत (लहान, एकबीजी, कठीण भागांत) फुटणारे असते.

वरील प्रत्येक लक्षणाला अपवाद आहेत आणि हीच ह्या गणाच्या वर्गीकरणातील खरी अडचण होय. सागाचे फूल लहान, पाच-सहा सारख्या पाकळ्यांचे व तितक्याच केसरदलांचे असते. मोगऱ्याच्या फुलात ओठ नसतात. इसबगोलाचे फूल पातळ, रंगहीन असते. म्हणून गणाची एकता सिद्ध करताना अधिक सूक्ष्म लक्षणांचा आधार घ्यावा लागतो. बियांच्या वाढीच्या काळात पुष्कापासून (गर्भाला अन्न पुरविणाऱ्या भागापासून) शोषक धागे निघून आसपासच्या ऊतकांत शिरतात. पेशींच्या प्रकलांत प्रथिनांचे स्फटिक आढळतात. साठविलेले अन्न पुष्कळदा स्टार्चाऐवजी स्टॅकिओजसारख्या शर्करांच्या रूपात असते. व्हर्बॅस्कोसाइड हे ग्लायकोसाइड व इरिडॉइड वर्गातील कडू द्रव्ये अनेक कुलांत सापडतात. ही लक्षणे उघड्या डोळ्यांना दिसणारी नाहीत. पण पाकळ्यांच्या आकारापेक्षा ती अधिक विश्वसनीय ठरली आहेत.

वर्गीकरणाचा इतिहास : कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये केसरदलांच्या संख्येवर आधारलेली पद्धत पूर्णपणे अमलात आणली, तेव्हा दोन लांब व दोन आखूड केसरदलांच्या वनस्पतींसाठी त्यांनी ‘डिडिनेमिया’ नावाचा वर्ग केला. त्याचे दोन भाग होते : ज्यांत चार कपालिका उघड्या बियांसारख्या दिसतात तो एक व ज्यांत बिया बोंडात बंद असतात तो दुसरा. ही पद्धत कृत्रिम होती, हे खरे. जाई, ऑलिव्ह, साल्व्हिया, अडुळसा यांना केवळ दोन केसरदले असल्यामुळे त्या दुसऱ्या वर्गात गेल्या. तथापि दोन ओठांची फुले, नळी व दीर्घ-ऱ्हस्व केसरांची जोडी हे एका नैसर्गिक समूहाचे सूचक आहे, ही जाण तेथे प्रथम दिसते.

जॉर्ज बेंथॅम व जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८६२–८३ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संयुक्त पाकळ्यांच्या व दोन किंजदलांच्या वनस्पतींचे चार गण केले. त्यांत बोंडे व पुष्कळ बीजके असलेल्यांचा पर्सोनेलीझ आणि मोजकी बीजके व कपालिका अगर आठळी असलेल्यांचा लॅमिएलीझ असे दोन शेजारी गण होते. पारिजातक व मोगरा यांचे ओलिएसी कुल तिसऱ्याच, जेन्शिएनेलीझ गणात होते व इसबगोल कशातच न बसल्याने त्याचे कुल वेगळे ठेवले गेले. थिओडोर कुक यांनी १९०१–०८ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ व भारतातील बहुतेक प्रादेशिक ग्रंथ हीच चौकट पाळतात. अनेक वनस्पतिसंग्रहालयांतील कपाटांची मांडणी अद्यापि तीच आहे. ॲडॉल्फ एंग्लर यांनी ह्यांपैकी बहुतेकांना ट्युबिफ्लोरी ह्या एका विशाल गणात घातले. आर्थर क्रॉंक्विस्ट यांच्या १९८१ च्या पद्धतीत पुन्हा स्क्रोफ्यूलॅरिएलीझ, प्लँटॅजिनेलीझ, कॅलिट्रिकेलीझ व लॅमिएलीझ असे वेगळे गण झाले आणि भोकराच्या नात्यातील बोरॅजिनेसी कुल तुळशीच्या शेजारी आले. कारण दोहोंच्या फळाचे चार कपालिकांत विभाजन होते. हे साम्य फसवे होते. बोरॅजिनेसीची पाने बहुधा एकांतरित, फुले सारख्या पाकळ्यांची व केसरदले पाच असतात; चार कपालिकांची रचना दोन्हीकडे स्वतंत्रपणे उद्‌भवली असावी, असे आता मानतात.

ह्या प्रश्नाला निर्णायक वळण १९९० नंतर मिळाले. हरितकणूंतील डीएनएमधील घटकांचा क्रम अनेक जातींत तपासून त्यांची तुलना करता येऊ लागली. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या : पूर्वीचे चार-पाच गण एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, म्हणून त्यांचा एक गण करणे योग्य, आणि त्यांतील काही परिचित कुले मात्र एका पूर्वजाची नाहीत, म्हणून ती मोडणे आवश्यक. पहिली गोष्ट सहज स्वीकारली गेली. दुसरीला विरोध झाला व तो समजण्यासारखा होता; कारण त्यामुळे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलेली कुलांची वर्णने निरुपयोगी ठरत होती.

स्क्रोफ्यूलॅरिएसीचे विभाजन : मोडलेल्या कुलांत सर्वांत मोठे हे होय. रिचर्ड ओल्मस्टेड व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने त्याचे विघटन स्पष्टपणे मांडले. ह्या कुलाची व्याख्या मूलतः नकारात्मक होती : दोन ओठांचे फूल व बोंड असलेली, पण ॲकँथेसी, बिग्नोनिएसी, जेस्नेरिएसी ह्यांपैकी कशाचेही खास लक्षण नसलेली ती स्क्रोफ्यूलॅरिएसी. अशा उरलेल्यांच्या गठ्ठ्यात खरे नाते सापडण्याची शक्यता कमीच असते. स्नॅपड्रॅगन, डिजिटॅलिस, व्हेरोनिका व नीरब्राह्मी ही इसबगोलाच्या प्लँटॅजिनेसी कुलात गेली. परिणामी काही डझन फुलांच्या कणिशाचे हे लहान कुल सु. १,९०० जातींचे झाले. मुळांवर जगणाऱ्या सर्व अर्धपरजीवी जाती ओरोबँकेसीत गेल्या. टोरेनिया व लिंडर्निया यांचे लिंडर्निएसी हे वेगळे कुल झाले. मूळ कुलात व्हर्बॅस्कम व स्क्रोफ्यूलॅरिया उरली आणि बडलिया व मायोपोरम ह्या पूर्वी वेगळ्या मानलेल्या प्रजाती त्यात नव्याने आल्या.

साग व तुळस : व्हर्बिनेसी व लॅमिएसी (पूर्वीचे लॅबिएटी) यांच्यातील सीमेचा इतिहास मात्र वेगळा आहे व वर्गीकरणाच्या अभ्यासकाला तो अधिक उद्‌बोधक वाटावा. जुन्या समजुतीप्रमाणे किंजपुट चार भागांत खोलवर दुभंगलेला व किंजल त्यांच्या मधोमध तळातून निघालेला असेल तर लॅबिएटी. किंजपुट अखंड व किंजल टोकास असेल तर व्हर्बिनेसी. ह्या कसोटीने साग, शिवण, निर्गुडी व भारंगी व्हर्बिनेसीत पडतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ स्वेन युनेल यांनी १९३४ मध्ये किंजपुटाच्या आडव्या छेदांचा बारकाईने अभ्यास करून दाखविले, की बीजके किंजदलांच्या कडेवर चिकटलेली आहेत की कडेपासून थोडी आत बाजूवर, हा भेद अधिक मूलभूत आहे. घाणेरी व व्हर्बिना यांत ती कडेवर असतात. साग, निर्गुडी, भारंगी व तुळस यांत बाजूवर. फुलोराही हेच सांगतो : पहिल्या समूहात तो अकुंठित, तर दुसऱ्यात त्याच्या शाखा कुंठित (टोकाचे फूल आधी उमलणाऱ्या) असतात. युनेल यांचे मत दीर्घकाळ बाजूस पडले. १९९२ मध्ये फिलिप कँटिनो यांनी आकारविज्ञानाच्या नव्या विश्लेषणाने त्याला पुष्टी दिली व त्यानंतर डीएनएच्या पुराव्यानेही तेच दाखविले. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या छेदांतून काढलेले अनुमान सु. सहा दशकांनी रेणवीय पुराव्याने खरे ठरावे, हे विशेष होय. रेणवीय पद्धतीने जुन्या आकारविज्ञानाला रद्दबातल केले, असे जे म्हटले जाते ते ह्या प्रकरणी तरी बरोबर नाही. निष्काळजी आकारविज्ञानाला मात्र तिने रद्द केले.

सागाच्या फळाची कठीण आठळी फोडल्यास आत चार कप्पे दिसतात. तुळशीच्या फळातील चार कपालिका व हे चार कप्पे यांची मूळ घडण एकच आहे. अशा रीतीने विस्तारलेले लॅमिएसी हे गणातील सर्वांत मोठे कुल असून त्यात सु. २३० प्रजाती व ७,००० पेक्षा अधिक जाती आहेत. उलट व्हर्बिनेसीत हजाराच्या आत जाती राहिल्या असून त्यांतील बहुसंख्य अमेरिका खंडातील आहेत.

ह्या बदलामुळे मराठी परिभाषेत एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात व्हर्बिनेसीला ‘साग कुल’ व स्क्रोफ्यूलॅरिएसीला ‘नीरब्राह्मी कुल’ म्हणण्याचा प्रघात आहे. आता साग हा साग कुलात नाही व नीरब्राह्मी ही नीरब्राह्मी कुलात नाही. लॅटिन नावे नियमाने एका निश्चित प्रजातीशी बांधलेली असतात. प्रचलित मराठी नावे सोयीसाठी एखाद्या ओळखीच्या झाडावरून दिलेली होती, म्हणून ती अशी सुटी पडली. व्हर्बिनेसीला ‘घाणेरी कुल’ म्हणावे, हे सर्वांत सरळ वाटते. घाणेरी परदेशी असली, तरी ती महाराष्ट्रात न पाहिलेला मनुष्य विरळा. पारिजातक कुल (ओलिएसी), वासक कुल (ॲकँथेसी) व तिल कुल (पेडॅलिएसी) ही नावे अबाधित आहेत.

आद्य शाखा : गणाच्या वंशवृक्षातील सर्वांत आधी फुटलेली शाखा प्लोकोस्पर्मा ही मेक्सिको व मध्य अमेरिकेतील एकच जाती असलेली प्रजाती होय. त्यानंतरच्या शाखेत ओलिएसी येते. त्यातील फुले चार वा अधिक सारख्या पाकळ्यांची व केसरदले दोन असतात. म्हणजे दोन ओठांचे फूल हे गणाचे मूळ लक्षण नसून नंतर प्राप्त झालेले आहे. मोगरा, जाई, जुई, ऑलिव्ह व ॲश वृक्ष ही ह्या कुलाची परिचित उदाहरणे. पारिजातकाचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त होते. त्याच्या चौकोनी खोडामुळे, खरखरीत पानांमुळे व चपट्या फळामुळे हर्बर्ट केनेथ एअरी शॉ यांनी १९५२ मध्ये त्याला व्हर्बिनेसीत हलविले. काहींनी त्याचे स्वतंत्र कुल केले. दोन केसरदले व एकूण पुरावा पाहता त्याचे स्थान मोगऱ्याजवळच आहे, हे आता निश्चित झाले आहे.

सारख्या पाकळ्यांकडून दोन ओठांकडे झालेल्या ह्या बदलाच्या मुळाशी काय आहे, याचा उलगडा स्नॅपड्रॅगनवरील प्रयोगांतून झाला. फुलाच्या वरच्या बाजूस ‘सायक्लॉइडिया’ नावाचे जनुक कार्यरत असते. ते निकामी झाल्यास फूल पुन्हा बऱ्याच अंशी सर्व बाजूंनी सारखे होते. लिनीअस यांनी १७४४ मध्ये लिनेरियाच्या अशाच एका पाच शुंडिकांच्या विचित्र फुलाचे वर्णन करून त्याला ‘पेलोरिया’ (राक्षसी) म्हटले होते. जाती स्थिर असतात ह्या त्यांच्या समजुतीला त्या फुलाने धक्का दिला. १९९९ मध्ये असे आढळले, की त्या फुलात संबंधित जनुकाच्या घटकक्रमात बदल झालेला नसून त्यावर मिथिल गट बसून ते केवळ बंद पडलेले असते.

दोन ओठांच्या फुलाचा लाभ कीटकांकडून होणाऱ्या परागणात आहे. खालचा ओठ बसण्याची जागा होतो व वरच्या ओठाखालील केसर कीटकाच्या पाठीवर नेमक्या ठिकाणी पराग टेकवितात. साल्व्हियाच्या दोन केसरदलांत तर तरफेची योजना आहे : मधमाशी नळीत डोके घालू लागली की तिच्या ढकलण्याने परागकोश वरून तिच्या पाठीवर येतो. क्रिस्टिआन कॉनराट श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्येच हे नोंदविले होते. साल्व्हिया प्रजातीत जवळजवळ हजार जाती आहेत.

ॲकँथेसी : (वासक कुल). जाती सु. ४,०००. बहुतेकांच्या बोंडात प्रत्येक बीजाखाली एक आकडा असतो व बोंड तडकताना त्याच्या नेटाने बी दूर फेकले जाते. अडुळसा, कोरांटी, तालिमखाना व किराईत ही परिचित उदाहरणे. सह्याद्रीत मात्र ह्या कुलाची प्रतिनिधी म्हणजे कारवी. डोंगरउतारांवर ती दाट वाढते, काही वर्षे फुलत नाही आणि मग एका पावसाळ्याअखेरीस सर्व झुडपे एकदम फुलून, बी धरून मरतात. हा काळ सात वर्षांचा असे सर्वसाधारणपणे म्हणतात. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ व २०१६ ह्या वर्षी ती फुलली, त्यावरून फुलण्यामधील अंतर आठ वर्षांचे येते. तिचीच सजातीय नीलकुरिंजी केरळातील मुन्नार परिसरात २००६ व २०१८ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी फुलली. एकाच वेळी प्रचंड प्रमाणात बी तयार झाल्याने ते खाणाऱ्या प्राण्यांकडून सर्व फस्त होत नाही, हे ह्यामागील संभाव्य कारण होय. कारवीच्या काठ्या कोकणात व मावळात कुडाच्या भिंतींसाठी पूर्वापार वापरात आहेत. कास पठारावर तिची बुटकी बहीण टोपली कारवी आढळते.

खाडीकाठच्या चिखलात वाढणारे तिवर (ॲव्हिसेनिया) पूर्वी व्हर्बिनेसीत किंवा स्वतंत्र कुलात घालीत. ते ॲकँथेसीतील असल्याचे अलीकडे सिद्ध झाले. चिखलातून वर येणारी पेन्सिलीसारखी श्वसनमुळे, पानांतून मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी आणि झाडावर असतानाच फळाच्या आत वाढू लागणारा गर्भ ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्याच खाडीत काटेरी पानांची व निळ्या फुलांची मारांडी असते. तीही ह्याच कुलातील.

अन्नग्रहणाचे विशेष प्रकार : कीटकभक्षण व परजीविता ह्या दोन्ही गोष्टी ह्या गणात आढळतात. लेंटिब्युलॅरिएसी कुलातील यूट्रिक्युलॅरिया (सीतेची आसवे) पावसाळ्यात कास व इतर पठारांवर निळ्या-जांभळ्या ठिपक्यांप्रमाणे पसरते. तिला खरी मुळे नसतात. पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेल्या भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांतील पाणी बाहेर टाकल्यामुळे आत दाब कमी होतो आणि दारावरील केसांना एखाद्या सूक्ष्म जलचराचा स्पर्श होताच दार उघडून तो पाण्यासह आत ओढला जातो. ही क्रिया एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच्या अवधीत घडते. वनस्पतींतील अत्यंत वेगवान हालचालींपैकी ती एक आहे. ह्याच कुलातील जेनलिसियाचा जीनसंच सर्व फुलझाडांत लहानांत लहान आहे.

ओरोबँकेसी कुलात सु. २,००० जाती असून जवळजवळ सर्वच दुसऱ्या झाडांच्या मुळांतून अन्न घेतात. काहींत हरितद्रव्य टिकून आहे, काहींत ते पूर्णपणे नाहीसे झाले आहे. अपवाद म्हणजे जुन्या भिंतींच्या फटीत उगवणारी, पिवळ्या फुलांची लिंडेनबर्जिया. ती स्वावलंबी असून कुलातील परजीवी शाखेच्या अगदी जवळची आहे. कारवी व तिच्या नात्यातील झुडपांच्या मुळांवर ख्रिस्तिसोनिया ही पर्णहीन वनस्पती उगवते. यजमान व परजीवी दोन्ही एकाच गणातले. शेतकऱ्यांना मात्र ह्या कुलाची ओळख तंबाखू व वांगी यांवरील बंबाखू आणि ज्वारीवरील टारफुला यांमुळे आहे. टारफुल्याचे बी धुळीसारखे बारीक असते, जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व यजमानाच्या मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्याचा स्पर्श झाल्याशिवाय रुजत नाही. हे द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे करण्यात आले व टारफुल्याच्या स्ट्रायगा ह्या शास्त्रीय नावावरून त्याला स्ट्रायगॉल म्हटले गेले. झाडे आपल्याच शत्रूला जागे करणारे द्रव्य का स्रवतात, हे कोडे २००५ मध्ये सुटले : मुळांना फॉस्फरस मिळवून देणाऱ्या उपकारक कवकांना बोलावण्यासाठी ती हे द्रव्य सोडतात, टारफुला तो संकेत चोरतो. पुढे २००८ मध्ये हीच द्रव्ये फांद्या फुटण्याचे नियंत्रण करणारी हॉर्मोने असल्याचेही आढळले. आफ्रिकेत मका व ज्वारीचे फार मोठे नुकसान टारफुल्याच्या एका सजातीय जातीमुळे होते.

इतर कुले : बिग्नोनिएसीत (टेटू कुल) मुख्यतः वृक्ष व महालता असून बिया पंखयुक्त असतात. टेटू, पाडळ, वारस व मेडशिंगी हे महाराष्ट्रातील जंगली वृक्ष. आकाशनीम, नीलमोहर व स्पॅथोडिया हे रस्त्याकडेला लावलेले. टेटूची फुले रात्री उमलतात व त्यांचे परागण वटवाघळे करतात. पेडॅलिएसी लहान असले, तरी त्यात तीळ [⟶ तीळ] व मोठे गोखरू आहे. जेस्नेरिएसीत ३,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी फारच थोड्या महाराष्ट्रात आढळतात. मार्टिनिएसीतील विंचू ही मेक्सिकोतून आलेली तणवजा वनस्पती असून तिच्या फळाला दोन वाकडे काटे असतात.

उपयुक्तता : साग व शिवण यांचे लाकूड, ऑलिव्ह व तीळ यांचे तेल, पुदिना, मरवा, पाच व लॅव्हेंडर यांतील सुगंधी द्रव्ये व मोगऱ्याची फुले यांचे आर्थिक महत्त्व सर्वश्रुत आहे. औषधींपैकी डिजिटॅलिसचा हृदयविकारावरील उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. अडुळशातील व्हॅसिसीन ह्या अल्कलॉइडावरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन बनविण्यात आले. कोलियसच्या एका भारतीय जातीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य १९७०–८० ह्या दशकात मुंबई येथील हेक्स्ट संशोधन केंद्रात शोधले गेले. पेशींतील संदेशवहनाच्या अभ्यासात ते जगभर वापरले जाते. ही प्रजाती मध्यंतरी प्लेक्ट्रँथसमध्ये विलीन करून २०१९ मध्ये पुन्हा वेगळी करण्यात आली, त्यामुळे एकाच झाडाचे उल्लेख दोन नावांखाली सापडतात. औषधी वनस्पतींच्या बाबतीत असा घोटाळा धोक्याचा असतो. लोकव्यवहारातील नावेही त्यातून सुटलेली नाहीत : मराठीत ‘ब्राह्मी’ म्हणून ह्या गणातील नीरब्राह्मी (बॅकोपा) व कोथिंबिरीच्या कुलातील मंडूकपर्णी (सेंटेला) ह्या दोन्ही विकल्या जातात. पहिलीची पाने लहान, मांसल, संमुख व देठहीन असतात. दुसरीची वाटोळी, मूत्रपिंडाकृती व लांब देठाची असल्याने ताजी असताना ओळखणे सोपे जाते, पण वाळवून चूर्ण केल्यावर सूक्ष्मदर्शकाची किंवा रासायनिक परीक्षेची मदत घ्यावी लागते.